वाटेची मशागत

आमच्या बेळगाव शहरात ‘रामघाट रस्ता’ या नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याने नित्य हजारो माणसे जातात-येतात. दुकानांच्या पाट्यांवर ते नाव आहे, लग्नपत्रिकांवर आहे, टपालाच्या पाकिटांवरही आहे. तथापि हा घाट आहे तरी कोठे, असा प्रश्न एखाद्याने केला, तर दहांतले नऊजण उत्तरासाठी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतील. नववीच्या वर्गावर आम्ही हा प्रश्न दरवर्षी हटकून विचारतो. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, “सर, त्या रस्त्याला चढ असेल, म्हणून घाट!” वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु त्या हसण्यात आमच्यापुरती थोडी हुरहूर मिसळलेली होती.

रामघाट हा सह्याद्रीतला जुना घाट. बेळगावच्या पश्चिमेस चंदगडच्या बाजूने तो खाली कोकणात उतरतो. एके काळी घाटावरचे धान्य या वाटेने खाली जाई आणि कोकणातले मीठ व नारळ याच वाटेने वर येत. पुढे आंबोली घाटाचा गाडीरस्ता झाला, व्यापार तिकडे वळला आणि रामघाटाची वर्दळ ओसरली. आमचे घराणे मूळचे कोकणीभाषी, दोडामार्गाकडचे. आमचे आजोबा लहानपणी आपल्या वडिलांच्या मागून हा घाट चढून बेळगावास आले होते. त्या प्रवासातले एकच वाक्य ते आम्हांस वारंवार सांगत. त्यांचे वडील चालता चालता म्हणत, “वाटेर फातर मेळ्ळो जाल्यार कुशीक काडून दवर.” वाटेत दगड दिसला, तर तो उचलून बाजूला ठेव, एवढाच याचा अर्थ. आजोबा शहरात राहू लागल्यावरही ही सवय त्यांना सोडून गेली नाही. खासबागेतल्या बाजाराच्या गर्दीतही ते मध्येच वाकत आणि पायाखालचा दगड भिंतीकडेला ठेवून पुढे जात. बालपणी आम्हांस त्याची फार लाज वाटे.

नाव शहरात उरावे आणि वाट रानात बुजून जावी, असे का होते? वाट ही मोठी विलक्षण वस्तू आहे. घर बांधणारा असतो, विहीर खणणारा असतो. पायवाटेस मात्र कोणी एक कर्ता नसतो. चालणाऱ्यांच्या पायांनीच ती घडते. म्हणून आपण समजतो की ती आपोआप होते आणि आपोआप टिकते. ही समजूत खरी नाही, हे पूर्वीच्या लोकांस चांगले ठाऊक होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातले लेणे व शिलालेख आहेत आणि घाटमाथ्याशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्या रांजणात टाकली जाई, असे सांगतात. ज्या वाटेने चालावे, त्या वाटेचे काही देणे लागतो, हा विचार या डोंगरांना दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.

हे देणे आपणही कधीतरी द्यावे, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. रामघाट शाळेतल्या मुलांच्या आटोक्यातला नव्हता. म्हणून आम्ही जवळची वाट निवडली.

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात शिनोळी लागते. तेथे कर्नाटक संपते आणि महाराष्ट्रातला चंदगड तालुका सुरू होतो. शिनोळीपासून जवळच देवरवाडी हे गाव आहे. गावामागच्या डोंगरात वैजनाथाचे आणि आरोग्य भवानीचे अशी दोन प्राचीन देवस्थाने आहेत आणि त्यांच्याही वर महिपालगड आहे. हा गड इतर अनेक गडांसारखा ओसाड नाही. गडावर नांदते गाव आहे, शेती आहे, गुरे आहेत. आता वरपर्यंत गाडीरस्ता झाला आहे. परंतु रस्ता होण्यापूर्वीपासूनची एक पायवाट देवळाकडून झाडीतून वर चढते. करवंदाच्या जाळ्या, जांभळीची व हिरड्याची झाडे, पायाखाली तांबडी माती आणि जांभ्याचे दगड, असे तिचे रूप आहे. 2019 च्या ऑगस्टात बेळगाव-कोल्हापूर भागात जो महापूर आला, त्या पावसाने या वाटेचेही हाल केले. नंतरची दोन वर्षे महामारीत गेली. चालणारे कमी झाले, घाणेरीची झुडपे दोन्ही बाजूंनी आत सरकली आणि वाट जवळजवळ मिटली. ही घाणेरी मूळची अमेरिकेतली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी शोभेचे झाड म्हणून ती आपल्या देशात आणली गेली. आज ती शोभेची राहिलेली नाही, रानाची धनीण होऊन बसली आहे.

2022 च्या डिसेंबरात आम्ही तिघे शिक्षक आणि 22 विद्यार्थी-विद्यार्थिनी या वाटेच्या दुरुस्तीस निघालो. वनखात्याची परवानगी घेतली होती. उभे झाड तोडायचे नाही, विस्तव पेटवायचा नाही, बाहेरून सिमेंट आणायचे नाही, अशा अटी होत्या. कुदळी, फावडी, घमेली, पहारी आणि कोयते एवढी सामग्री होती. घराघरांतून शिदोऱ्या आल्या होत्या. आमच्या खासबागेत विणकरांची वस्ती मोठी. मुलांच्या घरी कोठे मराठी, कोठे कन्नड बोलली जाते आणि आमच्या घरी कोकणी. ‘वाट’ हा शब्द कोकणीतही वाटच आहे, कन्नडमध्ये तिला ‘दारी’ म्हणतात. एक मुलगी गमतीने म्हणाली, “सर, कन्नडमधली दारी मराठी घराच्या दारीच येऊन थांबते की!” त्या दिवशी तिला ‘कवयित्री’ ही पदवी मिळाली आणि ती अद्याप टिकून आहे.

पहिल्या चार रविवारांत आम्ही जे काम केले, त्याचा त्या वेळी आम्हांस केवढा अभिमान वाटला म्हणून सांगावे! जेथे हातभर वाट होती, तेथे आम्ही चार हात रुंद केली. घाणेरी उपटली ते ठीकच झाले. पण तिच्याबरोबर गवतही मुळासकट खरवडून काढले. वाळलेली पाने झाडून टाकली. वाट अंगणासारखी स्वच्छ दिसू लागली. मध्ये एका चढावर ती वळणे घेत जात होती. तो वळसा आम्हांस अनाठायी वाटला. आम्ही सरळ चढावरच पायऱ्या खणल्या. 37 पायऱ्या झाल्या. मुलांनी त्या मोजल्या, त्यांवर ओळीने बसून छायाचित्र काढले आणि ते छायाचित्र शाळेच्या फलकावर लागले.

गडावरचे एक वृद्ध शेतकरी हे सारे पाहत असत. त्यांना सगळे गाव आबा म्हणते, म्हणून आम्हीही आबा म्हणू लागलो. ते गुरे घेऊन खाली येत, क्षणभर उभे राहत आणि काही न बोलता निघून जात. शेवटच्या रविवारी आम्हीच त्यांना विचारले, “आबा, कशी झाली वाट?” त्यांनी पायऱ्यांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “चांगली झाली मास्तर. आता पाऊस बघून जाऊ दे.” या बोलण्यातला अर्थ ओळखण्याइतके आम्ही शहाणे नव्हतो. आम्ही त्यास आशीर्वाद समजलो.

2023 च्या जूनच्या अखेरीस पाऊस लागला. श्रावणात एके दिवशी निरोप आला की गडावरची एक म्हातारी वैजनाथाच्या दर्शनास पायवाटेने उतरत असता आमच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचे मनगट मोडले. गाडीरस्ता असताना ती पायवाटेने का आली? तर वाट नीट झाली, असे तिने ऐकले होते. लग्न होऊन गडावर आल्यापासून ती याच वाटेने देवास येत असे. मधली काही वर्षे वाट बुजल्याने खंड पडला होता. आमच्या कामावर विश्वास ठेवून ती निघाली आणि आमच्याच कामावरून घसरली.

पुढच्या रविवारी आम्ही चार मुलांना घेऊन तिच्या घरी गेलो. हाताला प्लॅस्टर होते. तिने आम्हांस काही एक बोल लावला नाही. उलट, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मुलांच्या चौकशा केल्या. कोणी रागे भरले असते, तर बरे झाले असते असे वाटत होते. खाली उतरताना आम्ही ती वाट पाहिली. आमच्या 37 पायऱ्यांतल्या जेमतेम नऊ-दहा शिल्लक होत्या. बाकीच्या ठिकाणी गुडघाभर खोल घळ पडली होती आणि तिच्यातून लाल पाणी धावत होते. ज्या चढावर आम्ही गवत खरवडले होते, तेथली माती सगळी वाहून गेली होती आणि बोडके दगड वर आले होते. आमची ती ‘कवयित्री’ बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “सर, आजी पडल्या त्या आपल्यामुळे का?”

आम्ही उत्तर दिले, “नाही गं, पाऊस फार झाला.”

शिक्षकाच्या पेशात असत्य बोलण्याचे प्रसंग थोडे येत नाहीत. पण तेव्हाचे असत्य अंगास लागून राहिले. बसमध्ये मुले झोपी गेली आणि आम्ही खिडकीतून पावसाकडे पाहत बसलो. पाऊस तर या डोंगरावर दरवर्षीच पडतो. तो आहे हे धरूनच वाट करायची असते. जो दोष आपण मुलाच्या उत्तरपत्रिकेत लाल शाईने दाखवतो, तो आपल्या उत्तरात पावसाच्या नावावर टाकावा, हे कोणत्या न्यायाने? सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर पहिले काम आम्ही हेच केले. त्या मुलीस उभी करून नव्हे, साऱ्या वर्गास उद्देशून सांगितले, “काल आम्ही खोटे बोललो. त्या आजी पडल्या, त्या आपल्यामुळे. आपण वाट सुंदर केली, पण सुरक्षित केली नाही. काय चुकले ते आम्हांस अजून ठाऊक नाही. ते शिकून घ्यावे लागेल.” वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “कधी जायचं सर?”

शिकण्यासाठी आम्ही आबांकडे गेलो. त्यांनी एकच अट घातली. कोरड्या दिवशी यायचे नाही, पाऊस पडत असताना यायचे. त्याप्रमाणे घोंगड्या आणि छत्र्या घेऊन आम्ही पाचसहाजण भाद्रपदातल्या एका पावसाळी दिवशी त्यांच्याबरोबर ती वाट चाललो. हातात ना कुदळ ना फावडे. आबा दर थोड्या अंतरावर थांबत आणि काठीने दाखवत, “हे बघा, पाणी हितनं वाटंवर चढलं. हितं त्याला कुणी बाहीर काढलं न्हाई. आता त्ये तुमच्या पायऱ्यांपर्यंत वाटंनंच जाणार.” अर्धा डोंगर उतरल्यावर आमच्या ध्यानात आले की आम्ही आयुष्यात प्रथमच वाट पाहत होतो. आजवर आम्ही फक्त तिच्यावरून चाललो होतो.

आबांनी त्या दिवशी जे दाखवले, ते पुढे पुस्तकांतूनही आम्ही पडताळून पाहिले. जगभर डोंगरवाटा राखणारे लोक हेच सांगतात. वाटेचा खरा शत्रू चालणाऱ्याचा पाय नव्हे. वाटेवरून धावणारे पाणी होय. चालून चालून वाट जरा खोलगट होते. खोलगट झाली की पावसाचे पाणी तिच्यात उतरते. चढ जितका सरळ, तितका पाण्यास वेग अधिक. आणि वेग वाढला की माती कापण्याची त्याची शक्ती कित्येक पटींनी वाढते. एका पावसाळ्यात वाटेची नाळ होते. मग माणसे चिखल टाळण्यासाठी कडेने चालू लागतात, कडेचे गवत मरते आणि दुसरी नाळ तयार होते. म्हणून जुनी माणसे वाट वळणावळणाने नेत. आम्ही ज्या वळणास अनाठायी म्हटले, ते कोणाच्या तरी शहाणपणाचे वळण होते. गवताची मुळे माती धरून ठेवतात, गळलेली पाने थेंबाचा मार आपल्या अंगावर घेतात. ज्यास आम्ही केर समजून झाडून टाकले, ते वाटेचे पांघरूण होते.

आबांचे सूत्र दोन वाक्यांत होते. “पाण्याला आडवायचं न्हाई मास्तर. त्याला त्याची वाट दावायची, मग त्ये आपली वाट सोडतंय.”

2023 च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा कामास लागलो. या खेपेस मुलांची संख्या 22 वरून 14 वर आली होती. काहींच्या घरून ‘अभ्यास बुडतो’ अशी तक्रार आली, काहींस पहिल्या वर्षाचा उत्साह पुन्हा आला नाही. पण जे आले, ते पाहायला शिकलेले होते. प्रथम उरल्यासुरल्या पायऱ्या आम्ही स्वतःच्या हातांनी मोडल्या. मुलांचे हात क्षणभर थबकले; फलकावरचे ते छायाचित्र साऱ्यांच्याच डोळ्यांसमोर आले असावे. मग जुनी वळणे शोधून काढली. घळीत दगड आणि माती भरली, वर पालापाचोळा पसरला, सरळ चढावर कोणी पुन्हा चढू नये म्हणून तोडलेल्या घाणेरीचे काटेरी फास आडवे टाकले. वाटेची बाहेरची, दरीकडची बाजू आतल्यापेक्षा किंचित उतरती केली, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता आडवे निघून जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम दगडांच्या तिरप्या ओळींचे. वाटेवर ठराविक अंतराने जांभ्याचे लांबट दगड एकास एक भिडवून तिरपे बसवायचे. दगडाचा बराचसा भाग जमिनीत आणि थोडासाच वर. नाहीतर पाय अडखळतो किंवा दगड उखडतो. वरून येणारे पाणी या ओळीस अडते, तिच्या तिरपेपणामुळे कडेला वळते आणि कडेला खणलेल्या चरातून रानात पसरते. ओळ अगदी आडवी घातली तर पाणी तुंबते आणि गाळ साचतो. फार उभी घातली तर पाणीच चर खणत सुटते. हा नेमका कोन कोणत्याही पुस्तकात वाचून साधत नाही. एक ओळ बसवायला पाचजणांस कधी अर्धा दिवस लागे. बाटलीतून पाणी ओतून ते कोठे जाते ते पाहायचे, दगड काढायचा, पुन्हा बसवायचा. चार रविवारांचे काम आठ रविवारांवर गेले आणि तयार झाल्या केवळ 11 ओळी. छायाचित्र काढण्यासारखे त्यांत काहीच नव्हते. चांगली राखलेली वाट, राखली आहे असे वाटतच नाही.

एका रविवारी काम कंटाळवाणे होऊन एकजण म्हणाला, “सर, हे पुढच्या वर्षीही करावं लागणार?” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच एका विणकराच्या मुलाने ते दिले. तो म्हणाला, “अरे, मागावर ताण्याचा धागा तुटला की तिथल्या तिथं सांधावा लागतो. मग बघू म्हटलं, तर पुढचं सगळं कापड खोटं जातं. बाबा दिवसातनं कितीदा सांधतात! धागा तुटायचा थांबत नाही.” आम्ही कला शाखेचे पदवीधर, देखभाल या विषयावर चार अवतरणे आम्हांस सुचली असती. ती सगळी आम्ही गिळून टाकली.

मुलांना आम्ही विसाव्याच्या वेळी इतर ठिकाणच्या गोष्टी सांगत असू. बिहारमधील गया जिल्ह्यातल्या गेहलौर गावच्या दशरथ मांझी या मजुराची पत्नी डोंगराची वाट ओलांडताना पडली व जखमी झाली. तिच्यामागे त्याने छिन्नी-हातोडा घेऊन तो डोंगर फोडायला घेतला. 1960 ते 1982 अशी 22 वर्षे त्याने एकट्याने काम करून सुमारे 110 मीटर लांबीचा मार्ग काढला. ही गोष्ट सांगताना आमच्या आणि मुलांच्या मनात गडावरची आजी होती, हे कोणी बोलून दाखवले नाही. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तेथे ॲपलेशियन पर्वतातून एक अखंड पायवाट असावी, ही कल्पना 1921 मध्ये बेंटन मॅकाय यांनी मांडली आणि 1937 मध्ये ती वाट पुरी झाली. 14 राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची ही वाट मुख्यतः स्वयंसेवक राखतात. लहान लहान मंडळांनी वाटेचे तुकडे वाटून घेतले आहेत; प्रत्येकाने आपला तुकडा सांभाळायचा. राज्यांच्या सीमा मध्ये येतात, पण वाट तुटत नाही. आमच्या मुलांना हे सहज उमगले. तीही शिनोळीस राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यातली वाट नीट करायला येत होती, आणि एकदाही कोणी त्यांना ‘तुम्ही कुठले?’ असे विचारून परत पाठवले नव्हते. विचारले होते ते एवढेच, ‘जेवलात का?’

येथे एक शंका सुज्ञ वाचक काढतील. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडाभोवतालची झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये, असे सांगितले आहे. गडाची वाट अवघड असणे हेच त्या काळी गडाचे संरक्षण होते. मग आम्ही वाट सोपी करतो, हे पूर्वजांच्या शिकवणीविरुद्ध नव्हे काय? आम्हांस असे वाटते की त्या काळी शत्रू वाटेने वर येई, म्हणून वाट राखायची ती त्याच्यापासून. आज रानाचे भय निराळे आहे. एक नीट वाट असली की शंभर माणसे तिच्यावरूनच चालतात आणि बाकीचे रान सुखरूप राहते. वाट नसली की शंभर माणसे शंभर ठिकाणी रान तुडवतात. झाडी राखण्याची अमात्यांची आज्ञा आम्ही मोडली नाही. पहिल्या वर्षी मोडली होती, ती दुसऱ्या वर्षी पाळायला शिकलो.

2024 च्या महाशिवरात्रीस वैजनाथाकडे मोठी गर्दी असते म्हणून आम्ही काही मुलांसह आदल्या दिवशी वाट पाहून आलो आणि त्या दिवशीही वाटेवर उभे राहिलो. सकाळी नऊच्या सुमारास वरून ती आजी आली. नातीने हात धरला होता, दुसऱ्या हातात काठी होती. मोडलेले मनगट अजून पुरते वळत नव्हते, हे काठी धरण्याच्या तऱ्हेवरून दिसत होते. आमच्या पहिल्या ओळीपाशी ती थांबली. तिने दगडावर काठी टेकवली, मग एक पाय ठेवला, त्यावर भार दिला, मग दुसरा. असे ती प्रत्येक ओळीपाशी करत होती. आम्ही मनातल्या मनात मोजत होतो. अकरा ओळी. तिने आम्हांस ओळखले की नाही, कोण जाणे. जाताना ती एवढेच म्हणाली, “येते हं बाळांनो,” आणि देवळाच्या दिशेने वळली. आमच्या कोकणीतही निघताना ‘वतां’ न म्हणता ‘येतां’ म्हणतात. निघून जाणारा परत यावा, ही त्यातली इच्छा. वाटेच्या बाबतीत त्या इच्छेचा अर्धा भार वाट राखणाऱ्यावर असतो, हे त्या क्षणी आम्हांस कळले.

2024 चा पावसाळा झाल्यावर आम्ही पाहणी केली. 11 पैकी आठ ओळी शाबूत होत्या. दोन गाळाने भरल्या होत्या आणि एक पार उखडली होती. तिचा कोन चुकला होता, आणि ती आम्ही शिक्षकांनीच घातलेली होती! मुलांनी त्यावरून आमची पुरेशी थट्टा करून घेतली. कडेच्या गवताने पुन्हा मूळ धरले होते. जेथे गुडघाभर घळ होती, तेथे घोट्याइतकीच उरली होती. आबांनी सारी वाट आमच्याबरोबर चालून पाहिली. यंदा तरी ते ‘चांगली’ म्हणतील अशी आमची अपेक्षा होती. ते म्हणाले, “वळवाच्या आधी चरांची तोंडं साफ करा.” कामकऱ्याला कामकरी यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र देत नसतो.

आता हे काम शाळेच्या वेळापत्रकात बसले आहे. दिवाळीनंतर पाहणी, डिसेंबर-जानेवारीत दुरुस्ती आणि वळवापूर्वी चरांची सफाई. पहिल्या वर्षीचे विद्यार्थी शाळा सोडून गेले. त्यांपैकी काहीजण अजून येतात आणि नव्यांना कोन शिकवतात. जे येत नाहीत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. कोणत्या ओळीतला कोणता दगड कोणी बसवला, हे थोड्या वर्षांत कोणासही सांगता येणार नाही. रामघाटातले दगड कोणी बाजूला काढून ठेवले होते, ते तरी आज कोणास ठाऊक आहे? ज्याने ठेवले त्याच्या मागून एक लहान मुलगा चालत आला आणि सुखरूप वर पोहोचला, एवढे मात्र आम्हांस ठाऊक आहे. कारण तो मुलगा आमचे आजोबा होते.

या वार्षिकांकाच्या बालवाचकांस आम्ही उपदेश करणार नाही; तो वर्गात पुरेसा होतो. एक विनंती मात्र करावीशी वाटते. प्रत्येकाच्या गावाजवळ अशी एखादी वाट असेलच. पुढच्या पावसाळ्यात एकदा मोठ्या माणसांसोबत, वीजवारा नसताना, छत्री घेऊन तिच्यावरून चाला आणि पाणी कोठून येते व कोठे जाते, एवढेच पाहून या. कुदळ नंतर घेता येईल.

आम्हांसही निघण्याची तयारी करायची आहे. मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरला आहे, आणि आठव्या ओळीच्या चराचे तोंड बुजले असल्याचा निरोप गडावरून आला आहे.